रात्रपाळीचा नकाशा

विश्वस्त मंडळाचं पत्र एका पानाचं होतं. जुन्या इमारतीमागच्या मोकळ्या जागेत तीस खाटांची नवी इमारत, खर्च आटोपशीर, आणि पाऊस उघडल्यावर काम सुरू करून पुढचा पाऊस लागायच्या आत छप्पर चढलेलं असावं. खाटांचा आकडा अधोरेखित केलेला. बाकी काय हवं याबद्दल एकच ओळ: ‘इतर आवश्यक सुविधा.’

हे रुग्णालय सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावातलं, धर्मादाय संस्थेचं. नाव लिहीत नाही. पुढे भांडणं येणार आहेत, आणि ती ज्यांच्याशी झाली ती माणसं बाजारात भेटली की अजून चहाला ओढून नेतात. इथे येणारी दुखणी ठरलेली. पावसाळ्यात ताप, लेप्टो (उंदरांमुळे पसरणारा ताप), सर्पदंश; वर्षभर बाळंतपणं, हर्निया, अपेंडिक्स, म्हाताऱ्यांचा न्यूमोनिया, माडा-पोफळीवरून पडलेले. त्यापलीकडचं काही निघालं की गाडी गोव्याला, बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात. ‘तेका बांबोळीक व्हरलो’ असं कुणाबद्दल ऐकलं की ऐकणारा पुढचं काही विचारत नाही. २०१८ पासून गोवा सरकारनं बाहेरून येणाऱ्या रुग्णांना तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात शुल्क लावलं, तेव्हापासून तर जमेल तेवढं इथेच उरकावं असा लोकांचा कल. म्हणजे आमच्या तीस खाटा कधी रिकाम्या राहणार नव्हत्या.

मी वास्तुरचनेचं काम करते. याआधी डॉक्टर दांपत्यांची दोन-तीन नर्सिंग होम केली होती. खाली ओपीडी, वर पेशंट, त्याच्या वर डॉक्टरांचं घर. तिथे नकाशा डॉक्टर सांगतात, डॉक्टरच मंजूर करतात आणि रात्री डॉक्टरच जिना चढून झोपायला जातात. इथे डॉक्टर संध्याकाळी राउंड घेऊन घरी जाणार होते आणि फोन आला तरच परतणार होते. मग बारा तास ही इमारत कुणाची? हा प्रश्न मला पडला, म्हणून जुन्या वॉर्डात रात्रभर बसू द्या असं मी कार्यवाहांना विचारलं. ते म्हणाले, “रात्री काय बघणार मॅडम? सगळे झोपलेले असतात.”

कुणीही झोपलेलं नव्हतं.

जुना वॉर्ड म्हणजे एक लांब हॉल, दोन्ही भिंतींना खाटा, छताला ट्यूबलाइटच्या दोन रांगा आणि त्या सगळ्यांना मिळून एक बटण. पहाटे दोनला कोपऱ्यातल्या आजोबांना इंजेक्शन द्यायचं होतं. सिस्टरनी बटण दाबलं आणि अख्खा वॉर्ड लख्ख झाला. सगळ्यांनी डोळ्यांवर हात घेतले, एक बाळ रडायला लागलं, त्याची आई उठून बसली. पाच मिनिटांनी अंधार. पुन्हा अर्ध्या तासानं कुणाचं सलाईन संपलं, पुन्हा उजेड. सिस्टर मोबाइलचा टॉर्च दातात धरून सुई लावतानाही मी पाहिल्या. सगळ्यांना उठवणं त्यांच्या जिवावर यायचं.

आवाजाचं तर विचारू नका. लोखंडी चाकांची ट्रॉली कोट्याच्या फरशीच्या सांध्यांवरून खडखडत जायची. स्टीलचं बेडपॅन मोरीत आदळायचं. वीज गेली की खिडकीच्या थेट खाली ठेवलेला जनरेटर सुरू व्हायचा. आणि हॉलवर उन्हापासून बचाव म्हणून कधी काळी घातलेला पत्रा! पाऊस लागला की त्या पत्र्याखाली शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे. डॉक्टर मला नंतर म्हणाले, पत्र्यावर पाऊस असला की स्टेथोस्कोप कानाला लावून काय ऐकायचं ते देवाला माहीत. रुग्णालयाभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येतं, तिथे रात्री चाळीस डेसिबलची मर्यादा असते, हे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस वॉर्डात रात्री तीसच्या आसपासची. रस्त्यावर ‘हॉर्न वाजवू नये’ची पाटी आम्ही लावतो आणि आतली ट्रॉली तशीच. मोबाइलवरचं आवाज मोजायचं ॲप काही प्रमाण मानण्याजोगं नसतं, पण ट्रॉली शेजारून गेली तेव्हा त्यातला काटा साठीच्या वर चढला. फ्लोरेन्स नाइटिंगेलनं १८५९ मध्ये फक्त आवाजावर एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं. आम्ही अजून तिथेच.

त्या रात्री आणि नंतरच्या काही रात्री मी एकच काम केलं. जुन्या वॉर्डाचा नकाशा पॅडला लावून, सिस्टर जिकडे जातील तिकडे पेन्सिलीची रेघ ओढत राहिले. सकाळी त्या कागदावर नकाशा दिसेनासा झाला होता. औषधांचा फ्रिज एका टोकाला, सलाईनच्या बाटल्यांचं कपाट दुसऱ्या टोकाला, चादरी ऑफिसच्या मागे कुलपात आणि मोरी वॉर्डाच्या पार पलीकडे. बेडपॅन घेऊन मावशी दहा खाटांच्या मधून जायच्या, त्यातल्या निम्म्या खाटांवर कुणीतरी जेवत असायचं. सिस्टरच्या चालण्यातला मोठा भाग रुग्णाकडे जाण्यात नव्हताच, वस्तू आणण्यात होता. रात्रीला दोन सिस्टर आणि एक मावशी. त्यांचे पाय वाचवले तर तो वेळ आपोआप खाटेजवळ जाईल, इतकं साधं गणित होतं ते.

आणि एक गोष्ट, जी विचारल्याशिवाय कुणी सांगितली नसती. रात्री सिस्टर पाणी का पीत नाहीत असं मी सहज विचारलं. इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, “प्यायलं की जावं लागतं. जायचं कुठे? पेशंटचा संडास तो एकच, आणि तोही हॉलच्या त्या टोकाला. तेवढ्यात कुणाला काही झालं तर?” कपडे बदलायची जागा म्हणजे चादरींच्या कपाटाचं उघडं दार. मूत्रमार्गाचे त्रास यातल्या बहुतेक जणींना होते आणि त्याला त्या नोकरीचा भाग समजत होत्या. रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या इमारतीनं आपल्याच माणसांना आजारी पाडावं, याचा मला खरंच राग आला. तीस खाटांच्या खाली रेघ ओढणाऱ्या त्या पत्राचाही आला.

तिसरी मंडळी नातेवाईक. परदेशातली पुस्तकं वाचून रुग्णालय रचायला बसलं की तिथला रुग्ण एकटा असतो. अमेरिकेत २००६ नंतर नव्या रुग्णालयांसाठी एकेका रुग्णाची स्वतंत्र खोली हाच पाया मानला गेला. संसर्ग कमी, झोप बरी, खाजगीपणा. आमच्याकडे स्वतंत्र खोली ठेवली तर दोन सिस्टर तीस दारं कशी राखणार? शिवाय आमचा रुग्ण कधी एकटा येतच नाही. सोबत किमान दोघं, त्यातला एक रात्री थांबणार. तो झोपतो कुठे, तर खाटेखाली चटई टाकून. रात्रपाळीच्या सिस्टर अंधारात त्याच्या हातावर पाय पडू नये म्हणून पाय घासत चालतात. त्याचा डबा धुतला जातो रुग्णांच्या वॉशबेसिनमध्ये, म्हणून ते भाताच्या शितांनी तुंबलेलं. त्याचा टॉवेल खिडकीच्या गजांवर, म्हणून वारा बंद. सुरक्षारक्षक दर दोन तासांनी त्याला हाकलतो आणि तो दर दोन तासांनी परत येतो. एका आजीला मी विचारलं, नव्या दवाखान्यात काय हवं? तिनं मला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, “आमी खंय बसाचा, ता सांग.” आम्ही बसायचं कुठे, हा प्रश्न मी नकाशाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहून ठेवला.

पहिला कच्चा नकाशा घेऊन मंडळापुढे गेले तेव्हा पहिली हरकत जिन्याची निघाली. मला सगळ्या खाटा तळमजल्यावर हव्या होत्या, आणि ऑफिस, नोंदी, विश्वस्तांची खोली वर. मंडळाला उलटं हवं होतं. वर वॉर्ड, खाली ऑफिस, ‘येणाऱ्या पाहुण्यांना बरं पडतं’. मी लिफ्टचं विचारलं. वीज किती वेळा जाते हे त्यांनाच माहीत होतं. रॅम्पचं गणित मांडलं. एकास बारा उतार धरला तर साडेतीन मीटर चढायला बेचाळीस मीटर लांबीचा रॅम्प लागतो, वळणांचे टप्पे वेगळे. तेवढ्या जागेत चार-पाच खाटा बसतात, हे ऐकल्यावर खजिनदार विचारात पडले. त्यावरही कुणी तरी ‘बघू’ म्हणालं असतं; पण ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला लागलेल्या आगीत दहा बाळं गेली, ती आठवण त्या खोलीत सगळ्यांना होती. आग लागली तर खाटेसकट माणूस बाहेर काढायचा कसा, हे मी विचारलं. तळमजला मंजूर झाला. विश्वस्तांची खोली वर गेली आणि तिचं भाडं मला पुढच्या प्रत्येक बैठकीत टोमण्यांनी द्यावं लागलं.

पॅसेज आठ फुटांचा का, सहाचा का नाही, हा वाद त्यापेक्षा लवकर मिटला. राष्ट्रीय इमारत संहिता रुग्णालयाला २.४ मीटर सांगते. दोन स्ट्रेचर समोरासमोर आली तर काय, हे दाखवायला मी खजिनदारांना आणि कार्यवाहांना एकेक व्हीलचेअर ढकलायला लावली.

झाडांवरून मात्र रंगलं. मागच्या जागेत एक जुना फणस आणि दोन-तीन रतांब्याची, म्हणजे कोकमाची झाडं होती. कंत्राटदाराला ती पाडून सलग जागा हवी होती. मी इमारत थोडी वळवली, म्हणजे वॉर्डाच्या पूर्वेकडच्या खिडक्या झाडांकडे उघडतील. “झाडं बघून कुणी बरं होतं का मॅडम?” असा सवाल आलाच. मी रॉजर उलरिच या संशोधकाच्या अभ्यासाचं सांगितलं. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. दहा वर्षांच्या नोंदी चाळून जुळणाऱ्या तेवीस जोड्या निवडल्या, आणि १९८४ मध्ये ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष छापून आला. झाडं दिसणाऱ्यांना जोरदार वेदनाशामकं कमी लागली आणि ते सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले. सेहेचाळीस माणसांवरून जग बदलत नाही, हेही मी सांगितलं; पण चाळीस वर्षं रुग्णालय रचणारे हा अभ्यास उगाच पुढे करत नाहीत. खजिनदार शांतपणे म्हणाले, “म्हणजे पाऊण दिवसाचं बिल गेलं की!” सगळे हसले. मंडळातले एक निवृत्त मास्तर म्हणाले, “गेलं कुठे? पाऊण दिवस आधी दुसरा येईल.” झाडं वाचली. फणसाच्या बाबतीत मावशींनी वेगळा मुद्दा काढला, “फणस टकलेर पडलो तर?” डोक्यावर फणस पडायची ती भीती रास्त होती. पडवी त्या बाजूला आखूड केली आणि बसायचे बाक फांद्यांच्या बाहेर सरकवले.

खिडकी झाडाकडे असून भागत नाही. नेहमीच्या उंचीची, तीन फुटांवर उंबरा असलेली खिडकी पडलेल्या माणसाला फक्त आभाळाचा तुकडा दाखवते. मी खाटेवर आडवी होऊन बघितलं, मग उंबरा दोन फुटांवर आणला आणि बाहेरून गज लावले. खालच्या खिडकीतून झड आत येणार ही कोकणातली पहिली शंका. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो नैऋत्येकडून तिरका येतो. म्हणून त्या बाजूला वॉर्डाच्या आणि पावसाच्या मध्ये रुंद पडवी घातली, वर मंगलोरी कौलं. कौलांखाली स्लॅब. पावसाचा आवाज आता येतो, पण बोलणं अडत नाही. पडलेल्या माणसाला दुसरं काय दिसतं, तर छत. फिनलंडमध्ये वास्तुरचनाकार आल्व्हार आल्तो यांनी १९३३ च्या सुमारास पूर्ण झालेल्या पायमिओच्या क्षयरोग्यांच्या रुग्णालयात, रुग्णाची नजर दिवसभर छतावर असते म्हणून छताला मंद हिरवा रंग दिला होता आणि वॉशबेसिनवर पाण्याचा आवाज होणार नाही अशी त्याची घडण केली होती. तो हिरवा रंग मी सरळ उचलला. पंखा खाटेच्या बरोबर वर न घेता पायांकडे सरकवला.

भिंतींना मात्र अध्यक्षांना पिवळा हवा होता. ‘प्रसन्न वाटतो.’ बाळंतिणींच्या खोलीचा विषय निघाला तसे बालरोगतज्ज्ञ उठून उभे राहिले. पिवळ्या भिंतींवरून परावर्तित उजेड बाळाच्या अंगावर पडला की कावीळ ओळखायला येत नाही. निळ्या भिंतींचा तसाच घोळ. पांढऱ्याच्या जवळचा, कुठल्याही बाजूला न झुकणारा रंग तिथे घेतला आणि त्वचेचा खरा रंग दाखवणारे दिवे. प्रसूतीच्या दोन टेबलांमध्ये जुन्या इमारतीत पडदासुद्धा नव्हता. केंद्र सरकारच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात २०१७ पासून प्रसूतिगृहाला पडदा, स्वतंत्र जागा आणि सोबतीला घरची एक बाई, असा आग्रह आहे. तो सरकारी दवाखान्यांसाठी असला तरी आम्ही तोच पुढे ठेवला. या एका गोष्टीवर बैठकीत कुणीच वाद घातला नाही. मंडळात बायका दोनच होत्या, पण त्या दिवशी दोघी आल्या होत्या.

एसीचा हट्ट तरुण डॉक्टरांचा. उकाडा खरा, दमट हवा खरी. पण स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून फिरवत राहतो. बाहेरची ताजी हवा आणत नाही, हे करोनाच्या दिवसांत आपण सगळ्यांनी शिकून घेतलं. नैसर्गिक वायुवीजनासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये साध्या वॉर्डात दर रुग्णामागे सेकंदाला साठ लिटर ताजी हवा सुचवली आहे, आणि हवेतून पसरणाऱ्या आजारांच्या खोलीत एकशे साठ. समोरासमोर खिडक्या, छताजवळ झरोके आणि उंच स्लॅब असेल तर कोकणातल्या वाऱ्यानं ते साधतं. रवांडातल्या बुटारो इथलं २०११ चं रुग्णालय याच तत्त्वावर उभं आहे. तिथे खाटांची डोकी वॉर्डाच्या मधल्या बुटक्या भिंतीकडे आहेत, म्हणजे प्रत्येकाचं तोंड खिडकीकडे. मी त्याचे फोटो दाखवले. एसी फक्त शस्त्रक्रियागृह, प्रसूतिगृह आणि चार खाटांच्या अतिदक्षता कक्षात राहिले. क्षयाचा संशय असलेल्यांची खोली वाऱ्याच्या उतारावर, शेवटच्या टोकाला, तिची पडवी स्वतंत्र.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते नमुन्याच्या खोलीनं. संस्थेच्या मंगल कार्यालयात, लग्नं नसताना, प्लायवूड आणि बांबूला चादरी बांधून चार खाटांचा एक कप्पा आणि त्याचा संडास आम्ही प्रत्यक्ष मापात उभा केला. सिस्टर, मावश्या, वॉर्डातले मामा, सगळ्यांना बोलावलं. खरी खाट, खरी ट्रॉली, खरं सलाईन स्टँड. एक मामा रुग्ण झाले आणि त्यांनी भूमिकेत फार जीव ओतला.

नकाशात जे सुरळीत दिसत होतं ते तिथे पटापट अडकलं. संडासाच्या दारातून व्हीलचेअर गेली, पण तिच्यासोबत सलाईन धरलेली बाई जाईना. दार रुंद केलं, आणि ते बाहेर उघडणारं केलं. आत पडलेला रुग्ण दाराला टेकून पडला तर आत ढकलायचं दार उघडतच नाही, हे मामांनी जमिनीवर लोळून दाखवलं. कडी बाहेरून उघडता येईल अशी. डोक्याकडचं बटण खाट वर उचलली की तिच्या मागे जात होतं. ऑक्सिजनचा पॉइंट डाव्या हाताला हवा की उजव्या, यावर दोन सिस्टरांचं भांडण जुंपलं. शेवटी ज्या बाजूला उभं राहून त्या नाडी बघतात ती बाजू ठरली, आणि तीच सगळ्या खाटांना, आरशासारखी उलटसुलट नाही. रात्री अंधारात हात आपोआप तिथेच जावा. प्रत्येक चार खाटांमागे भिंतीत एक कपाट: चादरी, सलाईन, हातमोजे. तिथेच कोपरानं उघडणारा नळ. इंजेक्शनं भरायला सिस्टरच्या टेबलामागे एक आडोसा, चांगल्या उजेडाचा. औषध मोजताना दर मिनिटाला कुणी तरी ‘सिस्टर, सलाईन संपला’ म्हणून येतं आणि मोजणी चुकायची भीती असते, हे त्यांचंच म्हणणं.

आणि मग मावशी म्हणाल्या, “बालदी खंय ठेवतलंय?”

खरंच, बादली, पोछा, फिनेल, ओली फडकी यांना आमच्या नकाशात जागाच नव्हती. त्यांच्यासाठी बेडपॅन धुण्याची खोली मोठी केली आणि तिला वॉर्डातून एक दार, मागच्या अंगणातून दुसरं दार दिलं. आता घाण वॉर्डाच्या मधून जात नाही. सिंकची उंची मावशींच्या कंबरेवर मोजून घेतली. त्याच्या पुढे पावसाळ्यात चादरी वाळायला छप्पर असलेली, दोन बाजूंनी उघडी जागा. जून ते सप्टेंबर इथे काही म्हणजे काही वाळत नाही आणि दमट चादरीवर माणूस निजवायचा म्हणजे दुखण्यात भर.

कर्मचाऱ्यांच्या खोलीवरून शेवटचं मोठं भांडण झालं. सिस्टरच्या टेबलालगत एक संडास, कपडे बदलायला कप्पे आणि दोन आरामखुर्च्यांची खिडकी असलेली खोली. तिच्यात मावश्याही बसतील असं मी लिहिलं होतं. “या जागेत दोन स्पेशल रूम होतात,” खजिनदार म्हणाले, आणि मापानं ते बरोबर होतं. रुग्णालयाच्या नकाशात भांडण होतं ते नेहमी याच जागांसाठी; ज्यांचं बिल फाडता येत नाही त्या. मी पेन्सिलीच्या रेघांचा तो कागद बैठकीत फिरवला. इनचार्ज सिस्टरना बोलायला सांगितलं. त्यांनी पाण्याचं सांगितलं, माझ्याशी बोलल्या होत्या त्याच शब्दांत, सगळ्या पुरुषांसमोर, आवाज न चढवता. खोली राहिली. स्पेशल रूम सहाऐवजी चार झाल्या.

नातेवाईकांसाठी दर खाटेजवळ खिडकीखाली सहा फूट लांब, दोन फूट रुंद असा भिंतीतला बाक केला. खाली पिशव्या ठेवायला पोकळी. रात्री तो निजायला, दिवसा भेटायला येणाऱ्यांना. पडवीच्या टोकाला डबे धुवायची मोरी, गरम पाण्याचा नळ, टॉवेल वाळत घालायच्या दोऱ्या. दिव्यांची रांग मोडून दर खाटेला वेगळा दिवा, आणि रात्रीसाठी जमिनीपासून हातभर उंचीवर मंद पिवळे दिवे, वाट दिसावी इतकेच.

एका गोष्टीबद्दल कुणी पत्रात लिहीत नाही आणि बैठकीत बोलत नाही. जुन्या इमारतीत गेलेला माणूस ओपीडीच्या रांगेसमोरून बाहेर जायचा. सकाळी केसपेपर काढायला आलेले लोक उठून उभे राहायचे, कुणी बायका गरोदर असायच्या. आणि ‘आता आशा नाही’ हे डॉक्टर पॅसेजमध्ये, उभ्या उभ्या, सगळ्यांच्या कानांवर पडेल असं सांगायचे. त्यांचा दोष नव्हता, दुसरी जागाच नव्हती. नव्या नकाशात अतिदक्षता कक्षाला लागून एक छोटी खोली आहे, बसायला चार खुर्च्या, पाण्याचा माठ, आणि बाहेर अंगणात जाणारं दार. तिथूनच बाजूच्या फाटकापर्यंत छप्पर असलेली वाट, जिथे गाडी लागते. हे दाखवताना मी फार काही बोलले नाही. अध्यक्षांनी त्या खोलीवर बोट ठेवलं आणि पुढचं पान उलटलं.

बांधकामाचं सांगण्यासारखं कमी. चिऱ्याच्या भिंती, गिलाव्यावर पाच फुटांपर्यंत धुता येणारा रंग, भिंत आणि फरशीच्या कोपऱ्याला गोलाई म्हणजे घाण साचत नाही. जनरेटर जागेच्या पार कडेला, चिऱ्याच्या आडभिंतीमागे. ट्रॉल्यांना रबरी चाकं आणि स्टुलांच्या पायांना रबरी टोप्या. या टोप्यांइतकं स्वस्त औषध त्या इमारतीत दुसरं नसेल. छप्पर पावसाआधी चढलं, रंगकाम मात्र पावसानंतरच झालं.

एक पावसाळा उलटल्यावर मी पुन्हा रात्री जाऊन बसले. उजेडाचा त्रास संपला होता. ट्रॉलीचा आवाज नव्हता. त्याची जागा मोबाइलनं घेतली होती. बाकावर आडवा झालेला नातेवाईक मोठ्या आवाजात रील्स बघत होता आणि समोरच्या बाकावरचाही. सिस्टरनी दहानंतर आवाज बंद असा नियम केलाय आणि तो त्या मावशींकडून पाळून घेतात. मावशींसमोर कुणाचं चालत नाही. आरामाच्या खोलीत सुरुवातीला सलाईनचे खोके रचले गेले होते. इनचार्ज सिस्टरनी ते बाहेर काढले आणि खोलीची किल्ली स्वतःच्या कमरेला लावली. उत्तरेच्या भिंतीला बुरशी धरते आहे, तिला दरवर्षी चुना लागणार. मंद पिवळे दिवे गेले की वायरमन बाजारात मिळतो तो पांढरा शुभ्र लावतो, म्हणून मी एक खोकाभर पिवळे दिवे आणून स्टोअरमध्ये नोंद करून ठेवले.

सध्या पडवीचा विषय निघाला आहे. संध्याकाळी तिथे जागा मिळत नाही इतकी माणसं असतात. बरे होत आलेले रुग्णही सलाईन स्टँड ढकलत तिथेच येऊन बसतात. तिच्या अर्ध्या भागाला ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा लावून दोन एसी स्पेशल रूम कराव्यात असा प्रस्ताव आहे. मागणी आहे आणि उत्पन्नही लागतं, त्यात खोटं काही नाही. मी दुसरा नकाशा करून दिलाय. स्पेशल रूम वरच्या मजल्यावर, चालत्या-फिरत्या रुग्णांसाठी, विश्वस्तांच्या खोलीला लागून. पडवीला हात नाही. खर्च थोडा जास्त येतो. दोन्ही कागद खजिनदारांकडे आहेत आणि इनचार्ज सिस्टरनी त्यांना आपला लेखी अभिप्राय आधीच टाचून ठेवला आहे.